गारा

आमच्या गावात 'मड' हा इंग्रजी शब्द शाळेच्या आधी सायकलवरून आला. मडगार्ड. चिखल अडवणारं, असा त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, कारण दारव्हा तालुक्यातल्या काळ्या मातीत ते नेमकं उलटं काम करतं. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला चिकटून वर जाते, मडगार्डच्या आत ठासून भरते आणि चाक जागेवर थांबतं. मग काडीनं कोरत बसायचं. शेवटी बाबांनी माझ्या सायकलचं मडगार्डच काढून टाकलं.

त्या चिखलाला आम्ही गारा म्हणतो. वावरात गारा हाये. एकवचनी, पुल्लिंगी.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, जुलैमध्ये, मी फोनवर घरी विचारलं, "लय गारा झाला का?" फोन ठेवल्यावर रूममेटनं काळजीनं विचारलं, "केवढ्या पडल्या?" त्याला वाटलं, गारपीट! सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी 'चिखल' म्हणायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं.

तो रूममेट कोकणातला. त्यांच्याकडे भातलावणीआधी मुद्दाम चिखल करतात, त्याला चिखलणी म्हणतात. पाय रुतल्याच्या गोष्टी तो फार प्रेमानं सांगायचा. आमच्या कपाशीला साचलेलं पाणी सोसत नाही, मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं. आम्ही गारा संपायची, म्हणजे वापसा यायची वाट बघतो. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, तेव्हा वापसा. मग डवरा चालतो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. का, कुणास ठाऊक.

नोकरीत पुन्हा चिखलच भेटला. १९९७ मध्ये ब्रायन फूट आणि जोसेफ योडर यांनी एका निबंधात, रचना हरवलेल्या, जिथेतिथे ठिगळं लावलेल्या सॉफ्टवेअरला 'बिग बॉल ऑफ मड' म्हटलं. आमच्या टीममध्ये आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ते म्हणतं. मला दर वेळी बाबांची मूठ आठवते. आमच्या कोडचा गोळा टाकला तरी फुटत नाही. म्हणजे अजून गाराच.

गेल्या पावसाळ्यात बाबांचा फोन आला. "वावरात चिखल झाला आहे," ते म्हणाले. बाबा असं बोलत नाहीत. असं ते बँकेतल्या साहेबांशी बोलतात, शब्द निवडून, 'हाये'चं 'आहे' करून. आणि मग लक्षात आलं, की माझ्याशीही ते किती तरी दिवस असंच बोलताहेत. आधी मी बदललो होतो; त्यांनी फक्त माझी सोय पाहिली.

मला काही सुचेना. कोडं सोडवायला गूगलही नव्हतं. थोडा वेळ थांबून मी विचारलं, "लय गारा हाये का, बाबा?" शब्द तोंडात अवघडला. नाटकातल्या गावकऱ्यासारखा वाटला.

पलीकडे क्षणभर काहीच नाही.

"लय," ते म्हणाले. "वापसा याले चार दिवस लागन. पाणी नाही आलं तं." मग जरा थांबून, "गाडीचं मडगार्ड काढून ठेवलं म्या."