उजेडाचं बी

माउली, लोबेलियाचं बी कधी पाहिलंय का? राजगिऱ्याहून कितीतरी बारीक. चिमटीत शेकडो मावतात. त्या निळ्या फुलांची हौस माझ्या पत्नीला. ती गेली आणि तिने आणलेलं एक पाकीट घरात राहिलं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर अर्धं पाकीट पेरलं. शेतकऱ्याचा मुलगा मी. सवयीने बी मातीआड केलं, वर झारीने पाणी घातलं. काहीच उगवलं नाही. तिची शेवटची वस्तू आपल्याच हाताने वाया घालवली, या विचाराने झोप लागेना.

पुढे रोपवाटिकेतले माळीदादा म्हणाले, "या बियाला उजेड लागतो. झाकू नका."

यंदा उरलेलं बी बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल दिली. दोन आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसले. कार्तिकीहून परतलो तेव्हा रोपं झुबक्याझुबक्याने उचलून लावण्याजोगी झाली होती. माघी एकादशीला कुंडी निळीशार!

माउली, दुःखही मी असंच झाकून ठेवलं होतं. आता कुणी फुलांचं विचारलं, की तिचं नाव घेऊन सांगतो.