फूल पांढरं, गाभा काळा



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्याकडे फळांच्या गाड्यांवर हिमाचलची सफरचंदं दिसायला लागतात. पारण्याला लागतात, उपास करणाऱ्यांच्या घरी न्यायला लागतात. आपण निवडून घेतो. लाल, गोल, गुळगुळीत फळ पिशवीत जातं. ज्याच्या सालीवर तपकिरी कडं आहे, जे एका बाजूने चेपल्यासारखं वाकडं आहे, ते गाडीवरच राहतं. आज त्या मागे राहणाऱ्या फळाबद्दल लिहायचं आहे. कारण ते कडं कसं उमटतं, कोणत्या रात्री उमटतं आणि ते ज्या घरात उमटतं तिथे पुढे काय होतं, हे मला एका घरामुळे कळलं.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही सगळे शिमल्याला गेलो होतो. तिथून पुढे नारकंडा आणि त्याच्या खाली ठाणेधार, कोटगढ हा सगळा सफरचंदाच्या बागांचा भाग. एका बागायतदाराच्या घरी दोन दिवस राहिलो. घरातल्या बाईंना मी दीदी म्हणायला लागले, त्या मला बहनजी. सासूबाईंना काळजी होती की पहाडात बटाट्याशिवाय जेवण मिळणार कसं. पण दीदींनी एकदा नीट ऐकून घेतलं आणि दोन्ही दिवस कांदा, लसूण, बटाटा काही न घालता राजमा-भात केला, अक्रोड भरून वाफवलेले सिड्डू केले, वर घरचं तूप. तिथे उन्हाळ्यात उजेड बराच वेळ असतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण सहज व्हायचं. दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाईंनी त्यांची ओटी भरली. तेव्हापासून सणावाराला आमचे फोन होतात.

त्या भागातल्या सफरचंदाची गोष्ट दीदींनीच सांगितली. सॅम्युअल स्टोक्स नावाचा एक अमेरिकन तरुण १९०४ मध्ये भारतात आला, कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. त्याने १९१६ मध्ये अमेरिकेतून रेड डेलिशस जातीची रोपं आणून ठाणेधारला लावली. पुढे तो स्वातंत्र्यलढ्यात उतरला, तुरुंगात गेला, हिंदू झाला आणि सत्यानंद स्टोक्स या नावाने राहिला. आज हिमाचलच्या लाखो घरांचा संसार ज्या फळावर चालतो, त्याची ही सुरुवात. दीदींच्या आजेसासऱ्यांनी लावलेली काही झाडं अजून उभी आहेत.

आता थंडीचं बघा. आपल्याला वाटतं, सफरचंद म्हणजे थंड हवेचं फळ, मग थंडी जितकी जास्त तितकं चांगलं. तसं नाही. या झाडाला थंडी लागते ती हिवाळ्यात. पानं गळून झाड झोपतं आणि साधारण सात अंशांच्या खालची थंडी जुन्या जातींना हजार-बाराशे तास मिळावी लागते, तेव्हा वसंतात डोळे नीट फुटतात. म्हणून पौष-माघात पडणाऱ्या बर्फाला तिथले लोक सफेद खाद म्हणतात. तो हळूहळू वितळत जमिनीत मुरतो, ओल टिकवतो. झोपेतलं झाड उणे पंधरा-वीस अंशही सोसतं.

पण एकदा झाड जागं झालं की त्याची सहनशक्ती दिवसागणिक कमी होते. डोळा नुकता हिरवा झालेला असताना उणे सात-आठ अंशांपर्यंत फारसं बिघडत नाही. फुलं पूर्ण उमलल्यावर मात्र उणे दोन अंशांना थोडी फुलं मरतात, आणि उणे चारच्या आसपास अर्धा तास गेला तर जवळजवळ सगळी. नव्या बाळंतिणीला जपावं तसे ते दिवस असतात.

२०२१ मध्ये नेमकं तेच झालं. त्या हिवाळ्यात हिमाचलात पाऊस-बर्फ कमी पडला होता. एप्रिलमध्ये बागा फुलल्या, आणि २३ एप्रिलच्या सुमारास नारकंडा, ठाणेधार, कोटगढ, वरच्या शिमल्याचा बराच भाग आणि कुल्लूच्या वरच्या बागा बर्फाखाली गेल्या. चैत्र शुद्ध पक्ष होता. दोन दिवसांनी, २५ तारखेला महावीर जयंती. आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट, निर्बंध कडक झालेले, मंदिरं बंद. घरातच पूजेची तयारी चालली होती आणि दीदींचा फोन आला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बहनजी, पेड़ पर फूल भी सफ़ेद, बर्फ भी सफ़ेद. पता नहीं चलता कौन क्या है."

त्या रात्री घरातली सगळी माणसं काठ्या घेऊन बागेत होती. तिथे गारांपासून फळ वाचवायला झाडांवर जाळ्या टाकतात. ओला, जड बर्फ त्या जाळ्यांवर साचला आणि वजनाने जाळीसकट फांद्या मोडायला लागल्या. कुणी जाळ्या कापत होतं, कुणी फांद्या हलवून बर्फ पाडत होतं. सत्तरीतल्या सासूबाई कंदील धरून उभ्या होत्या. हलवताना फुलंही गळत होती, पण न हलवावं तर फांदी जाते. आणि फांदी गेली की पुढची कित्येक वर्षं जातात.

मला वाटलं होतं, बर्फ थांबला म्हणजे संकट टळलं. दीदी म्हणाल्या, खरी भीती त्याच्यानंतरच्या पहाटेची. ढग असतात तोवर जमिनीची ऊब थोडी धरून राहते. आभाळ निरभ्र झालं की ती सगळी वर निघून जाते आणि पहाटे पारा झपकन खाली येतो. ओली पालापाचोळी पेटवून धूर करतात, कुणी पाणी फवारतात, कारण पाणी गोठताना थोडी ऊब सोडतं. पण डोंगराच्या उतारावर, पाणी आधीच कमी असताना, हे किती झाडांना पुरणार?

सकाळी ऊन पडलं. बाग पांढरीशुभ्र, बघणाऱ्याला फोटो काढावासा वाटेल अशी. दीदींनी एक फूल तोडलं आणि अंगठ्याच्या नखाने मधोमध चिरलं. पाकळ्या ताज्या होत्या, आतला गाभा काळा पडला होता. दुसरं चिरलं, काळा. तिसरं, काळा. सफरचंदाच्या एका झुबक्यात पाच-सहा फुलं असतात. मधलं आधी उमलतं आणि सगळ्यात मोठं फळ त्याचंच होतं. जे आधी उमललं तेच आधी मेलं. बाजूच्या उशिरा उमलणाऱ्या कळ्यांतल्या काही हिरव्या निघाल्या. त्या वर्षाची आशा तेवढ्यावर होती.

त्यांच्यासाठी तयार ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्या तशाच बंद राहिल्या. रेड डेलिशसचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग माशीने आणून द्यावा लागतो. आणि हवा दहा-बारा अंशांच्या वर गेल्याशिवाय मधमाशी पेटीबाहेर पडत नाही. म्हणजे जी फुलं वाचली, त्यांच्याकडेही कुणी आलं नाही. आपण मध खात नाही, म्हणून मधमाशीचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध नाही असं मला वाटायचं. पण आपल्या ताटातल्या सफरचंदाच्या प्रत्येक फोडीमागे तिची खेप आहे. जीव एकमेकांच्या आधाराने जगतात हे प्रवचनात ऐकलेलं वाक्य त्या दिवशी मला नीट समजलं.

हा बर्फ आला कुठून? बातम्यांत ज्याला पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी चक्रवात म्हणतात, ती वाऱ्यांची वळणं भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन अडतात. हिवाळ्यात ती यायलाच हवीत, त्यांच्यावरच तिथला गहू आणि नद्या आहेत. ती चैत्र-वैशाखात जोराने आली की घात होतो. त्याच २३ एप्रिलला उत्तराखंडात चमोलीच्या वर, सुमनाजवळ, सीमेवरचा रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. सैन्याने शेकडो मजुरांना वाचवलं, पण कित्येक जण गेले. बागेत फुलं गेली, तिथे माणसं गेली. दीदी हे सांगून म्हणाल्या, आपलं तर फक्त वर्ष गेलं.

त्याच महिन्यात, ६ ते ८ एप्रिलला, फ्रान्समध्येही असंच झालं होतं. मार्चअखेर उन्हाळ्यासारखी ऊब, वेली आणि जर्दाळू लवकर फुटले, आणि मग कडाक्याची थंडी. रात्री द्राक्षबागांत ओळीने मेणाचे दिवे लावलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील. शास्त्रज्ञांनी नंतर अभ्यास करून सांगितलं की तापमानवाढीमुळे असं नुकसान जास्त संभवतं. ऐकायला उलटं वाटतं, नाही का? जग तापतंय आणि नुकसान थंडीने! पण हिवाळा उबदार झाला की झाड लवकर जागं होतं, आणि उशिराची एक थंड रात्र त्याला उघड्यावर गाठते.

हे मला पटकन समजलं, कारण माझं माहेर तासगावकडचं. ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि अवकाळी पाऊस लागला की दावण्या, गळकूज, आणि वडिलांचं रात्रभर जागणं. बागेला पैसा आधी घालावा लागतो, परत मिळेल की नाही हे आभाळ ठरवतं. तुमच्यापैकी कितीतरी जणी अशाच घरांतून आलेल्या आहात. आभाळाकडे बघून आईचा चेहरा कसा व्हायचा, हे तुम्हाला सांगायला नको.

दीदींच्या घरी त्या वर्षी मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. मुलगा शिमल्यात नोकरी शोधत होता, म्हणत होता बाग विकून टाकू. नवऱ्याला विकायची नव्हती. दीदी मधे. शेवटी त्यांनी स्वतःच्या बांगड्या मोडून फी भरली आणि मुलाला म्हणाल्या, एक हंगाम थांब, मग तू म्हणशील तसं. एवढंच मला फोनवर सांगितलं, तेही मीच खोदून विचारलं तेव्हा.

त्या वर्षी जे थोडं फळ लागलं, त्यातल्या बऱ्याचशा फळांवर ते तपकिरी कडं होतं. थंडीने कोवळ्या फळाची साल दुखावते आणि फळ मोठं होताना तो व्रण अंगठीसारखा गोल वाढत जातो. आतला गर चांगला असतो, चवीत फरक नसतो. पण मंडीत असं फळ खालच्या प्रतीत जातं, आणि सगळ्यात खालच्या प्रतीला फारच कमी भाव मिळतो. पेटी, तोडणी, वाहतूक धरली तर हातात काहीच उरत नाही.

मी आमच्या महिला मंडळात विषय काढला. दशलक्षणाच्या आधी नऊ घरांनी मिळून डागाच्या फळांच्या सहा पेट्या थेट मागवल्या. दर आम्ही त्यांनाच ठरवायला सांगितला. दीदींनी इतका कमी सांगितला की आमच्या अध्यक्ष काकूंनी फोन हातात घेऊन तो वाढवून घेतला. घासाघीस उलट्या दिशेने चाललेली मी पहिल्यांदाच पाहिली! सहा पेट्यांनी कुणाचं वर्ष भरून निघत नाही, हे आम्हालाही माहीत होतं. पण त्या बागेतल्या फळाला कुणीतरी पूर्ण मोल दिलं, हे त्या घरात पोचलं.

मुलगा पुढच्या हंगामापर्यंत थांबला. त्याने खालच्या, जास्त ऊब लागणाऱ्या तुकड्यात मटार आणि थोडी चेरी लावली, वरची बाग ठेवली. तिकडे असं सगळीकडेच चाललंय. कुल्लूच्या खालच्या भागात सफरचंद काढून डाळिंब लावलं जातंय आणि सफरचंद वर किन्नौर, लाहौलकडे सरकतंय. डाळिंब तिकडे आणि द्राक्षं आपल्याकडे, दोन्हीकडे बाई पहाटे उठून आभाळच बघते.

मैत्रिणींनो, एक करून बघा. सफरचंद उभं न कापता आडवं कापा. आत पाच कप्प्यांची चांदणी दिसेल. आपण जीवजंतू बघण्यासाठी फळ उघडून बघतोच, तेव्हा बियाही मोजा. सगळे कप्पे भरले असतील तर साधारण दहा मिळतील. फळ एका बाजूने वाकडं असेल तर बहुतेक त्या बाजूचे कप्पे रिकामे असतात, म्हणजे फुलाच्या वेळी थंडी होती आणि माशी पुरेशी फिरली नाही. मुलांना हे दाखवा, त्यांना फार आवडतं. आणि सालीवर तपकिरी कडं असलेलं फळ दिसलं तर घ्या. किसून साखर, वेलदोडा घालून मुरंबा करा, किंवा नुसतंच खा.

दीदींची मुलगी आता नर्स आहे. बांगड्या अजून व्हायच्या आहेत. या वर्षीची आमची यादी सुरू झाली आहे. ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी पर्वाच्या पंधरा दिवस आधी मला कळवा. फळ डागाचंच येईल, हे मात्र आधीच सांगून ठेवते.