त्रेसष्टाव्या वर्षी नवी सायकल: कोणती आणि का?



उन्हाळी कामं आणि पर्वातला स्वयंपाक यांवर लिहिणारी ही बाई आज सायकलवर कशी घसरली, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या दोन महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे: "एवढ्या पैशात स्कूटी आली असती की! मग सायकल कशाला?" प्रत्येकीला दारात उभं राहून उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. तुमच्यापैकी ज्या सकाळी सायकल चालवतात, किंवा चालवावी म्हणतात, त्यांना उपयोग होईल.

मी सत्तावन्नाव्या वर्षापासून सायकल चालवते. शाळेनंतर सुटलेली, ती सूनबाईच्या आग्रहाने पुन्हा हातात आली. सरळ हँडलची, जाड टायरची साधी हायब्रिड सायकल. आठवड्यातून तीन-चार सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर आणि महिन्यातून एकदा सांगलीहून कुंभोजच्या बाहुबलीपर्यंत जाऊन येणं, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. या सहा वर्षांत माझे गुडघे सुधारले, झोप सुधारली, आणि मुख्य म्हणजे दिवसातला दीड तास फक्त माझा झाला. ज्या बाईने चाळीस वर्षं घरातल्या सगळ्यांची वेळापत्रकं सांभाळली, तिला या दीड तासाची किंमत विचारा.

गेल्या वर्षीपासून मात्र उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी तासाभराने, मग अर्ध्या तासाने. पुढे घरी आल्यावर पोळ्या लाटतानाही मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते, हँडलवर सतत भार पडून ती दबते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना होणारा हा ओळखीचा त्रास आहे. "एक तर बसण्याची पद्धत बदला, नाही तर सायकल बंद करा," ते म्हणाले. घरच्यांनी वाक्याचा दुसरा भाग तेवढा ऐकला. ह्यांचं म्हणणं, "झालं ना आता सहा वर्षं, पुरे की." मी पहिला भाग ऐकला होता.

बसण्याची पद्धत बदलायची म्हणजे काय, हे समजून घ्यायला बसले तेव्हा कळलं की आपण ज्याला 'रेसची सायकल' म्हणतो, त्यातही दोन जाती आहेत. एक खरोखर शर्यतीची. तिच्यावर माणूस पुढे ओणवा होतो, वाऱ्याला कमी अडतो आणि वेगात जातो. दुसरी एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची. दिसायला ती तशीच, खाली वळलेल्या हँडलची. पण हँडल थोडं उंच आणि थोडं जवळ, दोन चाकांमधलं अंतर जास्त, टायर रुंद आणि गिअर हलके. घाई नसलेल्या पण लांब जाणाऱ्या माणसाची सायकल.

या जातीचं मूळ खराब रस्त्यांत आहे. फ्रान्समध्ये १८९६ पासून पॅरिस-रुबे नावाची शर्यत होते. त्यात पन्नासहून अधिक किलोमीटरचा रस्ता ओबडधोबड दगडी फरशीचा असतो. बायकांची पॅरिस-रुबे सुरू व्हायला मात्र २०२१ साल उजाडलं. हाडं खिळखिळी करणाऱ्या या दगडांसाठी कंपन्यांनी नाना युक्त्या काढल्या. स्पेशलाइज्डच्या एका सायकलचं नावच रुबे आहे. तिच्या हँडलखाली वीस मिलिमीटर दबणारी स्प्रिंग बसवतात. ट्रेकने २०१२ मध्ये डोमाने काढली, तिच्यात सीटची नळी आडव्या नळीपासून मोकळी केली, म्हणजे खड्डा लागला की ती किंचित लवते. जायंटच्या डिफायमध्ये सीटचा दांडा गोल नसून मागून चपटा असतो, तोही लवावा म्हणूनच. अंकलीच्या पुलाकडे जाणारा आपला रस्ता ऊस वाहतुकीच्या हंगामानंतर बघितला असेल, तर या शोधांचं महत्त्व तुम्हाला वेगळं सांगायला नको!

'वाकड्या हँडलवर हात जास्त दुखतील की,' असं मलाही वाटत होतं. पण गणित उलटं आहे. सरळ हँडलवर हात ठेवायची जागा एकच, त्यामुळे भार तासन् तास एकाच ठिकाणी. खाली वळलेल्या हँडलवर वरच्या आडव्या भागावर, ब्रेकच्या मुठींवर आणि खालच्या वळणात अशा तीन जागा. दर दहा मिनिटांनी हात हलवला की नसेला सुट्टी. शिवाय मुठींवर हात धरले की तळवे एकमेकांसमोर येतात, मनगट सरळ राहतं. पाटी उचलताना हात कसे असतात, तसे.

आता निवड. पुण्याला लेकीकडे चार दिवस राहून तीन सायकली चालवून बघितल्या. पहिली ॲल्युमिनियमची, नव्वद हजारांची. दुसरी ॲल्युमिनियमचीच, पुढचा फोर्क कार्बनचा, एक लाख चाळीस हजारांची. तिसरी पूर्ण कार्बनची, वर सांगितलेल्या युक्त्यांपैकी एक असलेली, तीन लाख वीस हजारांची. त्यांची नावं मुद्दाम देत नाही. माझं माप तुमचं माप नाही, आणि सायकल निवडायची ती मापावरून, हेच मला आज सांगायचं आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई. चार रकान्यांचा तक्ता केल्याशिवाय मला काही खरेदी करता येत नाही. तो असा होता.

पहिला रकाना उंची आणि ओढीचा. पॅडल फिरतं त्या मध्यबिंदूपासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. हे दोन आकडे कंपनीच्या तक्त्यात छापलेले असतात. एस, एम ही अक्षरं विसरा. ती ब्लाउजच्या मापासारखी प्रत्येक ठिकाणी वेगळी. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिली आणि दुसरी सायकल दोन्ही 'सगळ्यात लहान' मापाच्या, पण दुसरीचं हँडल दोन सेंटिमीटर उंच आणि सव्वा सेंटिमीटर जवळ होतं. ऐकायला हे बोटभर अंतर. पण पहिलीवर कोपरं ताठ झाली आणि अर्ध्या तासात करंगळीने हाक दिली. दुसरीवर कोपरं आपोआप वाकलेली राहिली, खांदे सैल.

एका दुकानात मला एक माप मोठी सायकल दाखवून "सीट खाली करून देतो, बसेल बरोबर," असं सांगितलं. सीट खाली केल्याने पाय टेकतात, पण हँडल जवळ येत नाही. नंबर मोठी चप्पल पट्टा आवळून घालण्यातलाच प्रकार.

दुसरा रकाना टायरचा. माझ्या दृष्टीने आरामाचा निम्मा हिशेब इथे आहे. पंचवीस मिलिमीटरच्या टायरपेक्षा बत्तीसच्या टायरमध्ये हवेला दीडपटीहून जास्त जागा असते. त्यामुळे हवेचा दाब बराच कमी ठेवता येतो. माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या बाईला पन्नास पीएसआयच्या आसपास पुरतो. खड्ड्याचा धक्का मनगटात पोचण्याआधी हवाच गिळते. म्हणून विचारायचा प्रश्न हा, की "या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो?" पहिलीत अठ्ठावीस, दुसरीत आणि तिसरीत बत्तीस सहज.

तिसरा रकाना गिअरचा. विक्रेते किती स्पीड आहेत ते सांगतात. शिमानोच्या मालिकेत क्लॅरिसला मागे आठ चकत्या, सोराला नऊ, टियाग्राला दहा. पण आपल्या वयाला चकत्या किती यापेक्षा सगळ्यात हलका गिअर कोणता हे महत्त्वाचं. पुढच्या छोट्या चक्राचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात, एवढाच हिशेब. पुढे ३४ आणि मागे २८ असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर जाते. पुढे ३४ आणि मागेही ३४ असतील तर दोन मीटरच्या थोडी वर. चढावर आणि उलट्या वाऱ्यात हा अर्धा मीटर गुडघ्यांना कळतो. माझी अट एकच होती, भागाकार एक किंवा त्याहून कमी. दुसऱ्या सायकलला दुकानदाराने मागची चकती बदलून दिली, तेव्हा अट पुरी झाली.

चौथा रकाना पैशांचा. माझ्या आईकडून आलेल्या रकमेची ठेव होती, तिच्यातून घ्यायचं होतं. म्हणून घसारा काढला, आपल्या शिकलेल्या सरळ रेषेच्या पद्धतीने. दहा वर्षं धरली, कारण त्र्याहत्तरीपर्यंत चालवायची असं मी ठरवलं आहे. दुसरी सायकल वर्षाला चौदा हजार, देखभाल सहा हजार, एकूण वीस हजार. वर्षाला एकशे साठ सकाळी धरल्या तर एका सकाळचे सव्वाशे रुपये. तिसरीचे वर्षाला बत्तीस हजार, देखभाल आठ, म्हणजे एका सकाळचे अडीचशे. पहिली सगळ्यात स्वस्त, पण तिच्यावर हात दुखून मी वर्षभरात सायकल सोडली असती तर सगळ्यात महाग तीच पडली असती.

तिसरी वाईट होती का? मुळीच नाही. हलकी, लोण्यासारखी चालते. पण तिच्यात आणि दुसरीत माझ्या मनगटाला जाणवलेला फरक थोडा, आणि तो टायरमधली हवा थोडी कमी केल्यावर आणखी थोडा झाला. आपण परिग्रहाची मर्यादा घालतो ती तिजोरीसाठीच असते असं नाही. गरज कुठे संपली आणि हौस कुठे सुरू झाली, ती रेघ आपली आपल्याला दिसावी, यासाठीही असते. माझ्यासाठी ती रेघ एक लाख चाळीसवर होती. तुमची वेगळी असेल.

आपल्यासाठी म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगते, दुकानात त्या कुणी सांगत नाही. सीट घेताना ती कशाची आहे ते विचारा. इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीच्या सीट जगभर नावाजलेल्या, पण त्यांची मूळची सीट चामड्याची. त्याच कंपनीची कॅम्बियम नावाची सीट रबर आणि कापडाची असते, आणि साध्या सीटही बहुतेक कृत्रिम आवरणाच्या मिळतात. दुसरं, सायकलच्या चड्डीतल्या गादीला दुकानात 'शॅमॉय' म्हणतात. शब्द ऐकून मी दचकलेच, कारण पूर्वी ती खरोखर त्या नावाच्या पहाडी बोकडाच्या कातड्याची असायची. आता ती कृत्रिम फोमची असते, नाव तेवढं उरलं. तरी लेबल वाचून घ्या.

आणि सीटची रुंदी! बसताना टेकणाऱ्या दोन हाडांमधलं अंतर मोजून सीट घ्या. बायकांमध्ये हे अंतर बहुधा जास्त असतं. मऊ आणि जाड सीट पहिल्या पाच किलोमीटरला बरी, पंचविसाव्याला नकोशी. बेताची कडक आणि योग्य रुंदीची सीटच शेवटपर्यंत साथ देते.

दुकानात जाल तेव्हा सलवार-कमीजवर नव्हे, सायकल चालवायच्या कपड्यांत जा. किमान अर्धा तास चालवा. हळू वळून बघा, लहान फ्रेमवर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का ते कळेल. ब्रेकची मूठ बोटांना पोचत नसेल तर ती जवळ आणायचा स्क्रू बहुतेक मुठींना असतो, तो फिरवून मागा. हँडलही खांद्यांच्या रुंदीचं हवं. लाजू नका. दागिना घडवताना आपण सोनाराकडे चार फेऱ्या मारतोच ना!

जुनी सायकल धाकट्या जाऊबाईंनी नेली. माझ्या नावावर एकच वाहन, असं मी कधीच ठरवलेलं आहे, तेव्हा नवी आली की जुनीला घर शोधणं ओघाने आलंच. आता आम्ही दोघी निघतो. त्यांचा पल्ला अजून जयसिंगपूरपर्यंतच आहे.

करंगळीचं विचाराल तर ती पूर्ण बरी झालेली नाही. बाहुबलीहून परतताना शेवटच्या टप्प्यात अजून थोडी कुरकुरते. पण पोळ्या लाटताना आता शांत असते. ह्यांनी परवा विचारलं, "दहा वर्षांनी काय करणार?" मी म्हटलं, "तेव्हा पुन्हा तक्ता करू."