वरून काढलेला फोटो

फोटोग्राफी हा माझा छंद आहे असं मी समजतो. ते व्यसन आहे असं आमची ही समजते. जुन्या बाजारातून घेतलेली एक याशिका गळ्यात अडकवून मी आजवर पुष्कळ फोटो काढले. त्यांत माणसांची डोकी सहसा येत नाहीत. सासूबाईंच्या एकसष्टीच्या फोटोत मांडवाची झालर मात्र फार सुरेख आली होती. तेव्हापासून मी निसर्गाकडे वळलो. झाडं तक्रार करीत नाहीत.

१९८४ च्या डिसेंबरात आम्ही दोघं दाजीपूरला गेलो. कोल्हापूरहून राधानगरी मागे टाकून फोंडा घाटाकडे निघालं की हे रान लागतं. १९५८ साली ते गव्यांसाठी राखून ठेवलं, हे मला ठाऊक होतं. पण गवा म्हणजे पलीकडच्या टेकाडावर दुर्बिणीतून बघायची वस्तू, अशी माझी समजूत. वाट दाखवायला गावातले एक म्हातारे मामा बरोबर घेतले होते.

धुकं नुकतंच विरत होतं. करवंदीच्या जाळीत कोळ्याचं एक जाळं दवानं ओथंबलेलं दिसलं. झालं! मी तिथंच पोटावर आडवा झालो. रोलमधला शेवटचा फोटो उरला होता, म्हणून बेतानं, श्वास रोखून वगैरे...

"अहो," मागून ही म्हणाली. अगदी हळू. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण इतक्या हळू आवाजात तिनं मला कधी हाक मारली नव्हती. इथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"थांब गं, दव सुकेल."

"अहो..."

"आणि आधी बाजूला हो. सावली पडतेय तुझी."

"माझी नाही ती," ही म्हणाली.

मी मान वळवली. प्रथम दिसले ते पांढरे पायमोजे. शाळेच्या पोरांचे असतात तसे, गुडघ्यापर्यंत. त्या मोज्यांवर एक काळाकभिन्न डोंगर उभा होता आणि डोंगराला शिंगं होती. पंधरा पावलांवर. एकटा नर. पूर्ण वाढलेल्या गव्याचं वजन टनाच्या घरात जातं, असं पुढे पुस्तकात वाचलं. त्या वेळी मला ते नुसतं बघून समजलं.

"सायेब, पळू नगासा," मामा पुटपुटले. "हाय तितंच ऱ्हावा. वैनी, तुमीबी."

वहिनींनी ऐकलं. सायबांचं काय झालं ते सायबांना आजही नीट सांगता येत नाही. मी अंजनीच्या झाडावर होतो एवढं खरं. कसा चढलो, कुठे पाय दिला, काही आठवत नाही. शाळेत असताना मला दोरावर हातभरसुद्धा चढता येत नसे.

गवा म्हणजे रेडा नव्हे, तो गाईच्या गोतातला, हेही नंतरचं ज्ञान. फांदीवर बसून मी त्याला रेडाच समजत होतो, आणि रेड्यावर कोण बसून येतं ते आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तो स्वार आता दिसेल, मग दिसेल, अशा बेतात असताना खाली नजर गेली.

खाली ही उभी होती. पदर मुठीत घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा. समोर तो.

आपण दोघं आलो होतो, हे मला त्या क्षणी आठवलं. त्या आधी नाही.

हाक मारायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. हात मात्र लटलटत होते, त्यात कॅमेऱ्याचा खटका दाबला गेला. गव्यानं नाकातून जोराची फुसकी सोडली, मान झटकली आणि कारवीत शिरला. एवढं प्रचंड धूड, पण जाताना वाळक्या पानांचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

मला उतरवायला मामांना खांदा द्यावा लागला. ही काही बोलली नाही. डबा उघडून तिनं पहिली दशमी मामांना दिली. नेहमी पहिली मला असते.

रोल धुऊन आला. शेवटचा फोटो जरा हललेला होता, पण पहा, आयुष्यात पहिल्यांदा सगळं चौकटीत आलेलं! एका कोपऱ्यात गवा, एका कोपऱ्यात ही, डोक्यासकट. मी तो पुस्तकात दडवला. हिनं शोधून काढला, फ्रेम करून आणला आणि बाहेरच्या खोलीत लावला. येणारा प्रत्येक जण आधी वा वा करतो, मग जवळ जातो, मान तिरकी करतो आणि विचारतो, "पण हा काढला कुठून हो? इतक्या वरून?"

मी चहाचं बघायला आत जातो. मागून हिचा आवाज येतो, "यांचं ना, पहिल्यापासून माझ्यावर वरूनच लक्ष असतं."