घाटमाथ्यावरची दिनचर्या

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या प्रवाशास कसारा सोडल्यावर सह्याद्रीची भिंत आडवी येते, आणि ती ओलांडल्यावर जें पहिलें मोठें गांव लागतें तें इगतपुरी. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलेलें हें गांव आगगाडीच्या प्रवाशांस चांगलें परिचित आहे. थळघाटांतून लोहमार्ग १८६५ सालीं येथवर पोंचला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र असल्यामुळें कसाऱ्यास गाड्यांना मागून रेटणारीं जादा इंजिनें जोडण्याची वहिवाट पडली. परंतु या घाटाचा दुसराहि एक संसार आहे; तो मुंबई-आग्रा रस्त्यावर मालमोटारींच्या चाकांवर चालतो. त्याजकडे आपल्यासारख्या पांढरपेशांची दृष्टि सहसा वळत नाहीं. आपण मोटारींतून किंवा एस. टी.च्या गाडींतून जात असतों. पुढें एखादी मालमोटार गोगलगायीसारखी घाट उतरत असते. आपण घड्याळाकडे पाहतों, मनांतल्या मनांत चडफडतों, आणि तिला मागें टाकलें म्हणजे विसरून जातों. ती इतकी सावकाश कां उतरत होती, हा प्रश्न आपणांस पडत नाहीं. त्याचें उत्तर मला या गांवीं मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

निवृत्तीनंतर माझें वास्तव्य इगतपुरीस आहे. सकाळीं फिरावयास जाण्याच्या वाटेवर एक मोकळें पटांगण लागतें. तेथें रात्रीं पांच-सात मालमोटारी वस्तीस असतात. त्यांपैकीं एक माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. संस्कृतांत त्याची गति बेताचीच होती. पण वही स्वच्छ असे व दौतीचा डाग कधीं बाकावर पडत नसे. पुढें त्यानें कर्ज काढून ट्रक घेतला. (मालमोटारीस आतां सारे लोक ट्रकच म्हणतात, तेव्हां मीहि तोच शब्द योजितों.) मालकहि तोच व चालकहि तोच. नाशिक जिल्ह्यांतील कांदा नवी मुंबईच्या बाजारांत पोंचवावयाचा आणि परततांना भिवंडीच्या गुदामांतून मिळेल तें भाडें आणावयाचें, हा त्याचा व्यवसाय. बरोबर त्याचा एकवीस वर्षांचा भाचा क्लीनर म्हणून असतो. गेलीं दोन वर्षें त्यांचा सकाळचा परिपाठ मी पाहत आलों आहें, आणि एकदां त्यांच्या शेजारीं बसून घाटहि उतरलों आहें.

आरंभ किल्लीपासून करूं. आपल्या घरांतील वडील मंडळी पेटीची किल्ली जानव्यास बांधून ठेवीत. हा गृहस्थ ट्रकच्या किल्ल्या करगोट्यास बांधतो. एक इंजिनाची, दुसरी डिझेलच्या टांकीच्या झांकणाची आणि तिसरी स्टेपनीच्या सांखळीच्या कुलपाची. रात्रीं उभ्या ट्रकांतून डिझेल काढून नेणारे व स्टेपनी पळविणारे लोक रस्तोरस्तीं असतात, हें एक कारण. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. १९५४ सालीं टाटांच्या टेल्को कंपनीनें जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें आपल्या देशांत ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. तेव्हांपासून कित्येक वर्षें डिझेल ट्रकची किल्ली केवळ विजेपुरती असे. इंजिन थांबवावयाचें तर वेगळी दांडी ओढून डिझेलचा पुरवठा तोडावा लागे. त्यामुळें किल्लीस फारसा मान नव्हता. ती खुशाल लोंबकळत असे. आतां किल्ली फिरविली कीं इंजिन थांबतें, आणि ती काढून घेतली कीं स्टिअरिंगहि जखडून जातें. म्हणून त्याचा दंडक असा, कीं चाक फिरत असतां किल्लीस हात लावावयाचा नाहीं, आणि चाक थांबलें कीं ती आपल्या अंगावर असावयाची. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्यावर सारा भार.

नंतर प्रदक्षिणा. पहांटे अंधारांतच मामा-भाचे ट्रकभोंवतीं फिरतात. खालीं जमिनीवर तेलाचा किंवा पाण्याचा थेंब पडला आहे काय, हें प्रथम पाहावयाचें. इंजिनांतील तेल पट्टी बुडवून मोजावयाचें, आणि इंजिन थंड आहे तोंच पाण्याची पातळी पाहावयाची. मग टायर. मागील आंसावर प्रत्येक बाजूस दोन दोन टायर जोडीनें असतात. आंतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर भार तोलून धरतो, त्यामुळें नुसत्या डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. म्हणून लोखंडी टॉमीनें प्रत्येक टायर ठोकून पाहावयाचा. भरलेला टायर टॉमीस उसळवून लावतो व खणखणीत बोलतो. हवा गेलेला टायर ‘भद्द’ असा आवाज करून गप्प बसतो. जोडटायरांच्या फटींत दगड अडकला असेल तर तो काढावयाचा, कारण वेगांत सुटलेला दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या कपाळीं बसतो. शनिवारीं नवें लिंबू-मिरची बांधलें जातें, रोज एक उदबत्ती लागते. त्यास हंसणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं उदबत्ती लावतांना त्यानें टायर ठोकणें कधीं सोडलेलें नाहीं.

एवढें झाल्यावर किल्ली फिरते, आणि ट्रक जागच्या जागीं गुरगुरत उभा राहतो. आजूबाजूच्या घरांतून या आवाजाबद्दल कुरकुर होते, ती मीं ऐकिली आहे. यास कारणें दोन. रात्रभर इंजिनाचें तेल तळाशीं उतरून बसलेलें असतें. तें वरच्या भागांपर्यंत चढावयास थोडा अवधि लागतो. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तें पेटतें, त्यामुळें थंड धातूस ऊब येईतों त्यावर जोर टाकूं नये. परंतु आपल्या हवेंत यास दोन-तीन मिनिटें पुरतात. अर्धा अर्धा तास इंजिन चालूं ठेवण्याची कांहींची संवय म्हणजे निव्वळ डिझेलची नासाडी व शेजाऱ्यांस धूर.

दुसरें कारण ब्रेकांचें. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा इंजिनच भरतें. रात्रीं टांक्यांतील हवा हळूहळू निघून जाते. कांटा सात-आठ बारांच्या जवळ येईतों व इशाऱ्याची घंटी थांबेतों गाडी हलवावयाची नाहीं. पुष्कळ ट्रकांत हवा कमी असतां मागचीं चाकें स्प्रिंगच्या जोरानें धरलेलींच राहतात. हवा भरली म्हणजे तीं सुटतात. टांक्यांत दमट हवेचें पाणी सांचतें, तेंहि खालची कडी ओढून सोडून द्यावयाचें. शेवटीं क्षणभर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावयाचा आणि कान देऊन ऐकावयाचें. कोठें फुसफुस ऐकूं आली किंवा कांटा खालीं सरकूं लागला, तर त्या दिवशीं घाट उतरावयाचा नाहीं.

मी बरोबर गेलों त्या दिवशीं पौषांतील पहांट होती, व पाठीवर कांदा भरलेला होता. घाटमाथ्याजवळ घाटनदेवीचें देऊळ आहे. बहुतेक चालक तेथें हात जोडतात. आमचा ट्रक तेथें थांबला. त्यानें नमस्कार केला, एकदां ब्रेक दाबून पाहिला, आणि गियर खालचा टाकला. या लोकांचा नियम असा, कीं ज्या गियरनें घाट चढावा त्याच गियरनें तो उतरावा. धुराच्या नळींतील पडदा बंद करून इंजिनासच ब्रेकचें काम करावयास लावावें, आणि पायाचा ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून वापरावा. सारखा दाबून ठेवला तर ब्रेकचें अस्तर तापतें, त्याची पकड जाते, जळका वास येतो. मग पाय तळाशीं गेला तरी गाडी थांबत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आपण ‘ब्रेक निकामी’ असें वाचतों, त्यांतील कित्येक प्रसंगीं ब्रेक मुळांत निकामी नसतो. तो तापवून निकामी केलेला असतो.

आमच्या शेजारून दोन ट्रक भरधाव निघून गेले. भाचा म्हणाला, “मामा, सगळे न्यूट्रल करून सोडतात. आपणच मागें राहतों, आणि डिझेलहि जाळतों.”

मामा रस्त्यावरची नजर न काढतां म्हणाला, “उतारावर गियरमध्यें पाय उचलला कीं या इंजिनाला डिझेल जातच नाहीं. न्यूट्रलवर मात्र तें थोडें थोडें जळत राहतें. म्हणजे वांचत कांहीं नाहीं, आणि पुढच्या वळणावर कोण असेल तें तुला ठाऊक नाहीं.” थोड्या वेळानें मजकडे वळून म्हणाला, “गुरुजी, घाटांत विचार करायला वेळ मिळत नाहीं. हात जें रोज करतात तेंच त्या वेळीं करतात.”

माझ्या मतें या साऱ्या विषयाचें सार या एका वाक्यांत आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत दुसरा अख्खा अध्याय दिनचर्येस दिला, आणि रोगांची चिकित्सा पुढें सांगितली. हा क्रम सहेतुक आहे. संकट आल्यावर मनुष्य नवें कांहीं शिकत नाहीं. आधीं अंगवळणीं पडलेलें तेवढेंच कामास येतें. आपल्या घरांत आचार म्हणून जें शिकवितात त्याचेंहि मर्म हेंच. आणि तें मला एका ट्रकच्या पायरीपाशीं घरांतल्याहून अधिक जागें दिसलें.

खालीं कसाऱ्यास ट्रक थांबला. त्यानें प्रत्येक चाकाजवळ, न टेकवितां, हात नेऊन ऊब पाहिली. परततांना चढण संपल्यावरहि तो लगेच इंजिन बंद करीत नाहीं. दोन मिनिटें तसेंच चालूं देतो, कारण तापलेल्या टर्बोस तेल पोंचत राहावें लागतें. वाटेंत थांबण्याची वेळ आली आणि चाकामागें दगडाची उटी लावली, तर निघतांना तो दगड भाच्याकडून उचलवून कडेला टाकवितो. घाटांत असे सोडून दिलेले दगड रात्रीं किती जणांस पाडतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास ही क्षुल्लक गोष्ट वाटणार नाहीं.

भाच्यास ट्रक चालविण्याची फार घाई आहे. कायद्यानें मालवाहू गाडीस लागणारें विसावें वर्ष त्यानें ओलांडलें आहे, व परवानाहि मिळाला आहे. परंतु मामानें अट घातली, कीं एक महिनाभर कोणीं न सांगतां सकाळची प्रदक्षिणा पुरी कर, मग किल्ली घे. हप्ते डोक्यावर असतां दुसरा चालक मिळणें ही त्याची मोठी सोय झाली असती. तरीहि तो अडून बसला आहे. पंचवीस दिवस नीट गेले. सव्विसाव्या दिवशीं आंतला एक टायर ठोकावयाचा राहिला. मामानें एक शब्दहि न बोलतां गणना पुन्हां एकापासून सुरूं केली. मुलगा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशीं मीं पाहिलें तेव्हां टॉमी त्याच्या हातीं होती.

५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि डोंगराच्या पोटांतून सुमारें आठ किलोमीटरांच्या बोगद्यानें कांहीं मिनिटांत पार जाण्याची सोय झाली. नव्या ट्रकांत इशारे देणारीं यंत्रेंहि पुष्कळ असतात. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण इशारा यंत्र देतें; तो ऐकून थांबण्याची संवय माणसासच लावून घ्यावी लागते. आणि जुन्या घाटानें अजूनहि ट्रक रोज चढतात व उतरतात.

तेव्हां वाचकांस एवढीच विनंति, कीं पुढच्या खेपेस घाटांत सावकाश उतरणारा ट्रक दिसला तर चालकास हॉर्न वाजविण्यास सांगूं नये. त्याच्या पुढें जी मोकळी जागा दिसते ती त्यानें ब्रेकसाठीं जाणून राखलेली असते. तेथें आपली मोटार घालूं नये.