मुदानच्या मागावर

लोयांग, १६ एप्रिल, रात्री

ती. आईस,


बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाल्याचा निरोप गाडीत मिळाला आणि जीव भांड्यात पडला. थेंब तूच घाल, ते टाळतात. कपाट आवरायला काढलंयस तेही कळलं. मला इथे पोचायला उशीर झाला. वाटेत एका स्टेशनावर खिडकीवरच्या बाईने पासपोर्टात आणि तिकिटात नावांचा क्रम वेगळा आहे म्हणून माझ्या दोन गाड्या चुकवल्या. एकदाही मान वर करून पाहिलं नाही. फार राग आला, अजून गेलेला नाही.

सकाळी बागेत गेले तेव्हा स्वेटरवर शाल होती, तरी बोटं गारठली. पण आई, काय फूल आहे! ओंजळीत मावत नाही. चुरगळलेल्या शिफॉनसारख्या पाकळ्या, आत पिवळ्या केसरांचा झुबका. रात्रीच्या पावसाने एक फूल पार मातीपर्यंत वाकलं होतं. माळीणबाईंनी त्याच्याखाली काठी रोवली आणि बाळाची मान सावरावी तसं ते हलक्या हाताने वर ठेवलं. आपण पिओनी म्हणतो, इथे मुदान. फुलांचा राजा. वैभव आणि मानमरातब यांचं हे फूल, म्हणून घराघरांत त्याचं चित्र असतं. त्यातही पिवळ्या याव ह्वांगला राजा मानतात, जांभळ्या वेई त्झला राणी. मुळाची साल औषधात जाते.

गोष्ट अशी सांगतात की सम्राज्ञी वू झतिएनने भर हिवाळ्यात सगळ्या फुलांना फुलायचा हुकूम केला. सगळी फुलली, एकटं मुदान फुललं नाही. म्हणून तिने त्याला राजधानीतून हाकलून लोयांगला धाडलं. आता १९८३पासून हे शहर दर एप्रिलला त्याचा उत्सव करतं. फूल टिकतं थोडेच दिवस. आणि एक लक्षात ठेव: हिवाळ्याची थंडी सोसल्याशिवाय हे झाड नीट कळी धरत नाही.

लोंगमेनची लेणी पाहिली, भव्य आहेत. जेवायला इथल्या प्रसिद्ध 'पाण्याच्या पंगती'तला मुळ्याच्या किसाचा रस्सा घेतला, वर अंड्याचं कोरलेलं मुदान. मीठ कमी होतं. तुझ्या आमटीची फार आठवण आली.

मलाक्का, २३ एप्रिल

ती. आईस,

इथे घामाने कागद ओला होतोय. बाबा गेटपर्यंत एकटे चालून आले हे वाचून दोनदा रडले.

आधी खाण्याचं सांगते. चेंडोल म्हणजे नारळाचं दूध, ताडगूळ आणि तांदळाच्या हिरव्या शेवया. पहिल्या घासाला मालवणच्या शिरवाळ्यांची चव आली. दोन वाट्या खाल्ल्या. गोकर्णीच्या फुलांनी निळा केलेला चिकट भातही खाल्ला.

आता मुदान. इथे आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी संसार मांडले, त्यांचे वंशज ते पेरानाकान. पुरुष बाबा, बायका न्योन्या. बोली मलय, देव्हारा चिनी. त्यांच्या एका जुन्या घरात कामचेंग पाहिलं, म्हणजे झाकणाचं चिनीमातीचं मोठं भांडं. गुलाबी-हिरवा भडक रंग, एका बाजूला फिनिक्स पक्षी, दुसऱ्या बाजूला मुदान. पक्ष्यांचा राजा नि फुलांचा राजा. ही भांडी इथून मागणी घालून चीनमधल्या जिंगदेझेनला घडवून घेत, आणि ती लग्नासारख्या शुभकार्यात निघत. सुतकात रंगीत भांडी बंद, निळी-पांढरी बाहेर. बारा दिवस चालणाऱ्या लग्नासाठी मुलगी मोहरीपेक्षा बारीक मण्यांच्या सपाता स्वतः भरायची. मी एका सपातेवरचे एका पाकळीचे मणी मोजायला बसले, साठाच्या पुढे डोळे दुखले.

घर दाखवणाऱ्या मावशींना विचारलं, "तुम्ही हे फूल खरं पाहिलंय?" म्हणाल्या, "नाही. आईनेही नाही, आजीनेही नाही."

इथे हिवाळाच नाही, तर मुदान कसं फुलणार? जे मातीत उगवलं नाही ते या बायकांनी मण्यांत, केबायाच्या, म्हणजे त्यांच्या पोलक्याच्या, भरतकामात आणि भांड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या फुलवलं. लोयांगच्या बागेतलं फूल आठवड्याभरात गळेल. हे शंभर वर्षं टिकलंय, ते हातांच्या जोरावर.

सिंगापूर, २६ एप्रिल, पहाटे

ती. आईस,

झोप नाही. काल आर्मेनियन स्ट्रीटवरचं पेरानाकान म्युझियम पाहिलं, पुन्हा तेच मुदान. तेव्हा एकदम आठवलं. शेजारच्या पारशी काकींची गारा साडी, जिच्यावरच्या मोठ्या फुलांना आपण गुलाब म्हणायचो, ते गुलाब नव्हेत, मुदान आहेत. पारशी व्यापारी कॅन्टनहून ते भरतकाम मुंबईला आणत. काकींना जरूर सांग.

आणि आजीची ती पांढरी चादर, मासिकातल्या नमुन्यावरून कशिदा भरलेली. कसली फुलं आहेत असं विचारलं की ती म्हणायची, "छान दिसतात ना, मग झालं." ती फुलंही आजीने कधी पाहिली नसणार. कपाटातल्या जुन्या साड्या, बाबांचे कोट, सगळं बोहारणीला दे. ती चादर मात्र देऊ नकोस. कडूनिंबाचा पाला घालून ठेव. रविवारी येतेच आहे.

तुझी,
मनू