राजाबाईच्या पायथ्याशी

ज्यांच्या जिवावर मी शिकलो, त्यांतल्या कितीतरी जणांना मी कधी पाहिलंही नाही. आमचं बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, एका खोलीत. रात्री अंथरुणं पडली की पुस्तक उघडायला कोपरा उरत नसे. एम.ए.चा अभ्यास झाला तो फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात, राजाबाई टॉवरला लागून असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर.

तिथल्या शिपायांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. संगमेश्वरकडचे होते ते. पावसात भिजून आलो की मामा आधी पंचा पुढे करत. "हात कोरडे कर, मग ग्रंथाला हात लाव." जुनं पुस्तक पुठ्ठ्याला धरून ओढायचं नाही, शेजारची दोन मागे सारून मधलं अलगद काढायचं, हेही त्यांनीच शिकवलं. पुढे आयुष्यभर कागदपत्रांत काम केलं, पण इतका उपयोगी धडा दुसऱ्या कुणाकडून मिळाला नाही. खिडकीजवळची एक खुर्ची ते माझ्यासाठी धरून ठेवत. असं का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

वर मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत, ते मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्याच इंजिनिअरने घडवले, हे मला प्रथम मामांनी सांगितलं. इमारतीचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांनी हिंदुस्थानात पाऊलही टाकलं नव्हतं. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. 1864 साली त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यायला सांगितलं. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, त्यात प्रेमचंद स्वतः बुडाले. दान मात्र तरलं. 1869 मध्ये सुरू झालेलं बांधकाम 1878 मध्ये पुरं झालं. एका कर्जबाजारी झालेल्या माणसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या छताखाली, शंभराहून अधिक वर्षांनी, गिरणी कामगाराचा मुलगा फुकट बसून वाचत होता. हे उपकार मी कसे मोजावेत?

म्हणूनच 2013 साली तिथे परांच्या बांधल्या गेल्या तेव्हा पोटात गोळा आला. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाचं काम आभा नारायण लांबा यांनी आधीच देखणं करून दाखवलं होतं, तरी माझी धास्ती निराळी होती. जुन्या वास्तूला नवं रूप देताना ती बघण्यापुरती उरते आणि वापरणाऱ्यांना दाराबाहेर थांबावं लागतं, असं मी इतरत्र पाहिलं होतं.

तसं झालं नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने खर्च उचलला, इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला आणि वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमय्या यांनी काम हाती घेतलं. रंगीत काचांची जबाबदारी स्वाती चांदगडकर यांच्याकडे होती. हे काम किती जिकिरीचं असतं! काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. वर्षानुवर्षांच्या वजनाने शिसं वाकतं, तावदानाला पोट येतं. मग प्रत्येक तावदान उतरवायचं, त्याचा कागदावर ठसा घ्यायचा, तुकडे सुटे करून धुवायचे आणि नव्या शिशात पुन्हा जागच्या जागी बसवायचे. 2015 मध्ये काम संपलं आणि ग्रंथालय ग्रंथालयच राहिलं. माझ्या लेखी या कामाचं सर्वांत मोठं यश तेच.

नंतर गेलो तेव्हा माझ्या खिडकीपाशी एक मुलगी लॅपटॉपवर नेट परीक्षेचे जुने पेपर सोडवत होती. आमच्या वेळी वह्या होत्या, आता पडदे आले. ज्ञानशाखा बदलल्या, परीक्षा बदलल्या. त्या उंच छताखाली हे सगळं सहज मावतं. घरी जागा नसलेली मुलं मुंबईत अजून आहेत आणि त्यांना बसायला जागा देणं हे विद्यापीठाचं पहिलं काम आहे, असं मी मानतो.

शिसं कायमचं टिकत नाही. शतकभराने कुणाला तरी ती तावदानं पुन्हा उतरवावी लागतील, आणि पावसाळी गळती तर त्याच्या कितीतरी आधी. त्यासाठी ग्रंथालयाच्या नावे थोडी रक्कम मृत्युपत्रात लिहून ठेवली आहे. देणगीदाराच्या जागी मामांचं नाव घाला, असं वकिलांना सांगितलं आहे.